पाडव्याची सही

साताऱ्यात मी ज्या दुकानात नोकरीला होतो, तिथं तेलावर चालणारी इंजिनं, पिठाच्या गिरणीची जाती, पट्टे, पंप आणि शिवणयंत्रं मिळायची. माल विकणारी माणसं वेगळी होती. विकलेल्या मालाचे पैसे आले नाहीत की माझं काम सुरू व्हायचं. गावोगावचे लोक मला दिवाणजी म्हणायचे आणि लांबून येताना दिसलो की काहीजण मागच्या दारानं शेतात जायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. उलट कोण कसा चुकवतो, कोण काय कारण सांगतो, हे पाहायची मला भारी हौस होती. तिकिटं जमवणारा जशी तिकिटं जमवतो, तशी मी कारणं जमवायचो. घरी आल्यावर बायकोला नक्कल करून दाखवायचो. ती म्हणायची, "हसताय काय, पैसे आणलेत का ते सांगा."

कायदा हा तर माझ्या लेखी जत्रेतल्या पेटीसारखा होता, डोळा लावला की आत काहीतरी नवंच दिसायचं. नोकरीला लागेपर्यंत मला वाटायचं की कोर्टाचा हुकूम झाला म्हणजे झालं, बेलीफ जाईल आणि हाताला लागेल ते उचलून आणील. तसं नव्हतं. बेलीफाला काय उचलता येत नाही याचीच यादी लांबलचक होती. स्वयंपाकाची भांडी नाहीत, अंथरूण-पांघरूण नाही, बाईच्या अंगावरचं सौभाग्यलेणं नाही, कारागिराची हत्यारं नाहीत. सूर्य मावळल्यावर घरात शिरायचं नाही. पैशांच्या दाव्यात बाईमाणसाला अटक करायची नाही. इंग्रज सरकारला एवढी माया कुठून आली, असा मला प्रश्न पडायचा.

एकदा शिरवळला एका शिंप्याकडे बेलीफाबरोबर गेलो होतो. आमच्याच शिवणयंत्राचे पैसे त्यानं थकवले होते. बेलीफानं यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हत्यार आहे, हात लावता येत नाही." मग त्यानं भिंतीवरचा आरसा आणि दोन खुर्च्या जप्त केल्या. शिंपी इतका खूश झाला, की बेलीफाच्या कोटाचा उसवलेला खिसा त्यानं त्याच यंत्रावर तिथल्या तिथं शिवून दिला.

दुसरी गंमत हद्दीची. आमचं कोर्ट इंग्रजी मुलखातलं. सांगली संस्थानच्या हद्दीत पाऊल टाकलं की आमचा हुकूम म्हणजे रद्दीचा कागद. तिथल्या कोर्टाची मंजुरी येईस्तोवर वर्ष जायचं. आष्ट्याच्या एका सोडावॉटरवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं. बेलीफ गावात आल्याची कुणकुण लागली की तो सोड्याचं यंत्र बैलगाडीत घालायचा आणि संस्थानातल्या मेव्हण्याच्या गावाला घेऊन जायचा. एकदा मी आणि बेलीफ गाडीच्या मागं धावलो. हद्दीच्या दगडापलीकडे त्यानं गाडी उभी केली आणि आम्हा दोघांना सोडा पाजला. मी प्यालो. ऊन फार होतं.

पण हे सगळं क्वचित घडायचं. आमच्या मालकांना कोर्टाची पायरी चढायला आवडत नसे. "ज्याला कोर्टात ओढला तो गिऱ्हाईक म्हणून मेला," असं ते म्हणायचे. कोर्ट टाळायचं तर एक गोष्ट सांभाळावी लागे. उधारीवर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर ती बुडाली. कायद्याच्या दृष्टीनं ती मागताच येत नाही. मात्र त्या तीन वर्षांत देणेकऱ्यानं 'बाकी मान्य' असं लिहून खाली एक आण्याचं तिकीट लावून त्यावर आडवी सही केली, की त्या दिवसापासून पुढं पुन्हा तीन वर्षं. म्हणून मालकांच्या वडिलांपासून दुकानात एक रीत होती. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झालं की दिवाणजी खातेवही कापडात बांधून सह्यांच्या फेरीवर निघायचा. एका पाडव्याला घेतलेली सही तिसऱ्या पाडव्याला नवी करायची. सणाचा दिवस असल्यानं माणसं घरी सापडायची, तोंड गोड केलेलं असायचं आणि सही द्यायला फारशी खळखळ करायची नाहीत.

मालकांचा एक नियम मात्र लोखंडासारखा होता. ज्याच्या हातून मुदत चुकेल त्यानं घरी बसायचं. माझ्या आधीचा दिवाणजी असाच गेला होता. जाताना त्यानं मला आपली छत्री दिली आणि "पाडवा विसरू नकोस," एवढंच सांगितलं.

रहिमतपूरला एक गिरणी होती. तिच्यासाठी आमच्याकडून इंजिन नेणारा माणूस वर्षाच्या आत तापानं गेला आणि त्याच्या बायकोनं गिरणी आपल्या हातात घेतली. चाळिशीच्या आतबाहेरची, हाडापेरानं मजबूत बाई. डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरी झालेली असायची आणि भुवयांवरचं पीठ झटकत बोलायची. चौथीपर्यंत शिकलेली होती. नवऱ्याचं खातं तिनं आपण होऊन आपल्या नावावर घेतलं आणि चव्वेचाळीसच्या पाडव्याला मला पहिली सही दिली. ती सही करताना मी बघत राहिलो होतो. एकेक अक्षर ती असं काढायची, की त्याचा आकार पसंत पडल्याशिवाय पुढच्या अक्षराला हात घालायची नाही.

लढाईचे दिवस होते. इंजिनाचं तेल परवान्यावर मिळायचं. आठवड्यातले चार दिवस गिरणी बंद. मधल्या काळात तिनं एक रुपया भरला नाही आणि कारणही सांगितलं नाही. माझ्या जमवाजमवीत तिचं एकही कारण नव्हतं. "आत्ता न्हाईत, दिवाणजी. झालं की देते," एवढंच. मी खनपटीला बसायचो, "कधी होतील?" ती म्हणायची, "ते त्याल देनाऱ्या सायबाला इचारा."

तिसरा पाडवा आला तो स्वातंत्र्याच्या वर्षीचा. मी वही घेऊन रहिमतपूरला गेलो. तिनं हात धुतले, वाचलं, सही केली, मला चार करंज्या बांधून दिल्या. मी पुढच्या गावाला गेलो. सगळं नेहमीसारखं झालं होतं.

लढाई संपून नवी इंजिनं यायला लागली होती आणि मालकांना भांडवल हवं होतं. दिवाळी सरल्यावर ते म्हणाले, "ज्यांनी तीन वर्षांत काहीच भरलं नाही त्यांना वकिलामार्फत नोटिसा द्या. घाबरून तरी देतील." असं खातं एकच निघालं, गिरणीवाल्या बाईचं. बाकीच्यांनी मधेमधे थोडे थोडे रुपये भरून स्वतःच्या हातानं तशी नोंद केली होती, त्यामुळे त्यांची मुदत पुढं सरकत गेली होती. मी वही घेऊन वकीलसाहेबांकडे गेलो.

वकीलसाहेबांनी दोन्ही सह्या पाहिल्या. दोन्हीखाली मिती एकच, कार्तिक शुद्ध प्रतिपदा. मग त्यांनी कपाटातून जुनी पंचांगं काढली आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"दिवाणजी, इंग्रजी तारखेनं तुमची मुदत दिवाळीच्या आधीच संपली. चांगले तीन आठवडे आणि वर चार-पाच दिवस."

मी म्हणालो, "साहेब, पाडवा ते पाडवा तीन वर्षं बरोबर होतात."

"तुमची होतात. कायद्याची होत नाहीत. कायदा इंग्रजी कॅलेंडर बघतो. या तीन वर्षांत अधिक महिने किती आले?"

मला एकदम घाम फुटला. दोन आले होते. एक चैत्र आणि एक श्रावण. एरवी तीन वर्षांत अधिक महिना एकच येतो आणि मग तिसरा पाडवा इंग्रजी तारखेच्या दोन-तीन दिवस अलीकडेच पडतो. म्हणून मालकांच्या वडिलांची रीत आजवर चालून गेली होती. तिची खोट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. आता एक महिना जास्तीचा झाला आणि पाडवाच पुढं ढकलला गेला. लाल किल्ल्यावर तिरंगा चढला तो अधिक श्रावणातच, आणि त्या महिन्यात आमच्या घरी आईनं तिच्या जावयाला अनारशांचं वाण दिलं होतं. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट मला एकट्याला मोजता आली नव्हती. खरं सांगायचं तर त्या भीतीतही मला त्या हिशेबाचं नवल वाटत होतं. चंद्राच्या चालीनं एका गिरणीचं कर्ज फिटलं होतं.

"मग पाडव्याची सही?" मी विचारलं.

"मुदत संपल्यावरच्या सहीला अर्थ नाही. आता बाकी मान्य करून भागत नाही. एकच वाट आहे. 'इतके रुपये मी देईन' असं नवं वचन तिनं लिहून, सही करून द्यायला हवं. मेलेल्या कर्जाबद्दलसुद्धा असं वचन दिलं तर कायदा ते धरतो."

"पण ती कशाला देईल?"

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "तिला सांगता कशाला? पाडव्याला केली तशी करील. एक कागद राहिला होता म्हणा."

ते कागद लिहून देत असताना मी वहीतल्या बाकीची पुन्हा बेरीज करून पाहिली. सगळे मिळून तीनशेऐंशी रुपये होते, म्हणजे माझा अकरा महिन्यांचा पगार. घरात दोन मुलं, म्हातारी आई आणि भाड्याच्या दोन खोल्या. छत्री देऊन गेलेल्या दिवाणजीचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. तो हल्ली कोरेगावच्या बाजारात दोऱ्याची रिळं विकायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं रहिमतपूरला गेलो. गिरणी चालू होती आणि चार-पाच बाया पाट्या घेऊन बसल्या होत्या. तिनं मला पाहून हात पदराला पुसले. मी कागद पुढं केला. "एक सही राहिली होती, बाई."

"पाडव्याला तर केली. आठ दिसांत दुसरी कशापायी? बाकी वाडली काय?"

"नाही, बाकी तेवढीच."

तिनं कागद दाराच्या उजेडात नेला आणि वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं, एकेक शब्द. पुरं वाचून झाल्यावर म्हणाली, "दर खेपेला खात्याच्या वहीत सही असती. ह्यो सुटा कागद हाय. आन ह्यात मी नव्यानं पैसं देनार म्हणून लिवलंय. असं का?"

मी म्हणालो, "आता आपलं राज्य आलंय ना, नवी पद्धत निघालीय."

हे मी म्हणालो. कुणी शिकवलं नव्हतं, आपोआप तोंडून निघालं आणि चांगलं सफाईनं निघालं.

"मंग समद्यांच्या घेतल्यासा व्हय असल्या सह्या? आमच्या शेजारी तेलघाण्याला तुमचंच इंजान हाय. त्येची घेतली?"

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. रागानं नाही, नुसतीच बघत होती. मी इतकी वर्षं लोकांच्या थापा ऐकताना त्यांच्याकडे जसा बघायचो, तशीच. माझी मान खाली गेली. मग मी तिला सगळं सांगितलं. मुदत, दोन अधिक महिने, पाडव्याची सही वाया गेल्याचं, सगळं. बायांना ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलत होतो, तर पट्ट्याच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून तिनं मला दोनदा मोठ्यानं बोलायला लावलं.

"म्हंजी आता दुकानाला माज्याकडनं पैसं मागता यायचं न्हाईत?"

"कायद्यानं नाही."

"बेलीप आला तर?"

"येऊच शकत नाही."

"इंजान कोन न्हेऊ शकत न्हाई?"

"नाही."

ती इंजिनाजवळ गेली. मला वाटलं आता हसेल, निदान मला हाकलून तरी देईल. तिनं कडेला पडलेली चिंधी घेऊन इंजिनावरचं पीठ पुसलं, खालपासून वरपर्यंत. मग म्हणाली, "घरधनी गेल्यापास्नं ह्याला हात लावताना वाटायचं, दुसऱ्याची वस्तू वापरतीय. कागद आज ऱ्हाऊ द्या. थोडं दीस तरी माजं असू द्या."

"आणि मग सही कराल?"

"म्हाईत न्हाई. तुमचं काय हुईल?"

"नोकरी जाईल."

"त्ये आदी बोलायचं हुतं. आल्याआल्या," ती म्हणाली आणि पुढच्या बाईची पाटी उचलली.

मालकांना मी खरं ते सांगितलं. ते ओरडले नाहीत. "चुकलास ते चुकलास, वर तिला सांगून बसलास?" एवढंच म्हणाले आणि मला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. जरा थांबून म्हणाले, "इंग्रजी महिन्याच्या." बायकोनं रात्रीचं जेवण झाल्यावर सांगलीच्या भावाला पत्र लिहायला घेतलं, एखाद्या पेढीवर जागा असेल तर बघ म्हणून. ते पत्र पोस्टात टाकायला तिनं मलाच दिलं. मी ते दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो आणि तिसऱ्या दिवशी टाकलं. त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं. गिरणीवाली बाई सही करील की नाही, याचाच मी विचार करायचो. माझ्या नोकरीसाठी करायचो हे खरंच, पण नुसती नोकरीच नव्हती. जे देणं देण्याची आता कुणीच सक्ती करू शकत नाही, ते माणूस देतं का, हे मला बघायचं होतं. एवढ्या वर्षांत असं बघायला मिळालं नव्हतं. आमच्या धंद्यात सगळे सक्तीनंच द्यायचे.

महिना संपायला तीन दिवस उरले असताना ती दुकानात आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पीठ नाही, मी क्षणभर ओळखलंच नाही. माझ्याकडे न बघता ती सरळ मालकांच्या गादीसमोर उभी राहिली आणि कमरेची पिशवी सोडून कागद काढला. वकिलाचा नव्हता. तिनं स्वतः लिहिलेला होता, तिच्या त्या पसंत पडलेल्या अक्षरांत. मुद्दल तीनशे देईन. व्याज देणार नाही. महिन्याला पंधरा रुपये. गिरणीला कुणी हात लावायचा नाही. खाली तिकीट, त्यावर आडवी सही.

मालक व्याजावर अडून बसले. तिनं कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवायला लागली. मालकांनी लगेच हात पुढं केला.

"बाई, सोडून देता आलं असतं. मग का आलात?" त्यांनी विचारलं.

"इंजान इकत आनलं हुतं, फुकट न्हवं," ती म्हणाली. मग पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आनि दर म्हयन्याला पैसं न्यायाला ह्येच दिवाणजी येऊ द्या. पावती मोठ्यानं वाचतील, मंग मी पैसं देईन."

माझी नोकरी राहिली. सांगलीहून मेव्हण्याचं उत्तर आलं, जागा आहे म्हणून. बायकोनं ते जपून ठेवलं.

पुढचे वीस महिने मी रहिमतपूरला गेलो. पंधरा रुपये कधी एक दिवस उशिरा मिळाले नाहीत. पण पैसे हातात पडायच्या आधी गिरणीत दळण घेऊन आलेल्या बायांसमोर मला पावती वाचावी लागायची, पहिल्या अक्षरापासून दुकानाच्या शिक्क्यापर्यंत. मग ती माझ्या हातातून पावती घ्यायची आणि मी वाचलं तेच तिथं लिहिलंय का, हे पुन्हा स्वतः वाचून पाहायची. सुरुवातीला बाया हसायच्या. पुढं त्यांनाही सवय झाली. मला झाली नाही. प्रत्येक वेळी कान तापायचे आणि परतीच्या मोटारीत मी ठरवायचो, की पुढच्या खेपेला तिला सांगायचं, बाई, झालं ते झालं. एकदाही सांगितलं नाही.

शेवटच्या खेपेला खातं बंद केल्याची पावती होती. मी नेहमीपेक्षा सावकाश वाचली. तिनं ती घेतली, दारात नेऊन वाचली, चार घड्या घालून कमरेला लावली. मला वाटलं, आज तरी दोन शब्द बोलेल.

"सगळं फिटलं, बाई," मी म्हणालो.

"दुकानाचं फिटलं," ती म्हणाली आणि पुढच्या बाईचे जोंधळे ओतायला वळली.